चर्मपत्रावर न उतरलेला ठेका

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एक विचित्र व्हायोलिन आहे. चार तारा, घोडी, खुंट्या, सगळं जिथल्या तिथे. पण मान नको तितकी जाड, त्या मानेला अंगठा घालायला चक्क एक भोक, आणि पाठीपासून मानेपर्यंत झाडं, पानं, शिकारी आणि प्राणी यांचं दाट कोरीव काम. हे मूळचं व्हायोलिन नव्हेच. १३०० च्या आसपास इंग्लंडमध्ये एका अखंड लाकडातून कोरलेली ती सिटोल आहे, म्हणजे नखीने छेडून वाजवायचं तंतुवाद्य. पुढे सिटोल मागे पडली, पण एवढी देखणी वस्तू टाकवेना, म्हणून कुणीतरी तिचं व्हायोलिन करून घेतलं. तिच्यावर बसवलेल्या चांदीच्या पट्टीवर १५७८ हे साल आहे आणि सोबत राणी पहिली एलिझाबेथ आणि तिचा मर्जीतला सरदार रॉबर्ट डडली यांची चिन्हं.

या रूपांतरात कोरीव काम वाचलं, आवाज मात्र गेला. तंतुवाद्यात नुसत्या तारेला आवाज जवळजवळ नसतो. बारीक तार हवा कापत जाते, हवेला ढकलत नाही. ढकलण्याचं काम करते ती वरची पातळ फळी. तारेची थरथर घोडीवाटे तिच्यात उतरते आणि मग आपल्याला ऐकू येते. सिटोलची हीच फळी बदलली गेली. सातशे वर्षांपूर्वी ज्या सुरावर माणसं नाचली असतील तो सूर या सांगाड्यातून आता निघणार नाही.

मध्ययुगीन युरोपच्या नाचाबद्दल जे काही हाती लागलंय ते बहुतेक असंच, अर्धं. चर्चमधल्या गायनाची हजारो हस्तलिखितं आहेत. नाचाच्या निव्वळ वाद्यांवर वाजवायच्या चाली मात्र, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतच्या सगळ्या धरून, जेमतेम पन्नासेक! जत्रांत, लग्नांत, दरबारांत, चौकाचौकांत वर्षानुवर्षं नाच चालला आणि उरलं ते एवढंच. असं का झालं हे समजून घ्यायचं तर सूर लिहायचे कसे, या प्रश्नापासून सुरुवात करावी लागते.

सातव्या शतकात सेव्हिलचा बिशप इसिडोर याने लिहून ठेवलंय की सूर माणसाच्या स्मरणात राहिले नाहीत तर ते नष्ट होतात, कारण ते लिहिता येत नाहीत. त्याच्या काळापुरतं ते खरंच होतं. नवव्या शतकात भिक्षूंनी स्तोत्रांच्या शब्दांवर बारीक फराटे, टिंबं आणि वेलांट्या काढायला सुरुवात केली. या खुणांना न्यूम म्हणतात. इथे आवाज वर जातो, इथे खाली येतो, इथे एका अक्षरावर तीन स्वर, एवढं त्या सांगतात. किती वर, किती खाली, ते सांगत नाहीत. चाल आधी पाठ असलेल्या माणसालाच त्यांचा उपयोग. ज्याने ती कधी ऐकलीच नाही त्याच्या दृष्टीने ती नुसती नक्षी.

कोडं सोडवलं ते आरेत्सोच्या ग्विदो या भिक्षूने, अकराव्या शतकाच्या पहिल्या तिसाएक वर्षांत. त्याने त्या खुणा आडव्या रेघांवर आणि रेघांमधल्या जागांत बसवल्या. एक रेघ तांबडी, एक पिवळी. तांबडीवर अमुक स्वर, पिवळीवर तमुक, असं ठरलेलं. बाकीचे स्वर या दोघींपासून मोजायचे. शिवाय पोरांच्या जिभेवर स्वरांतलं अंतर बसावं म्हणून त्याने संत जॉनचं एक स्तोत्र वापरलं. त्याची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक स्वर वर सुरू होते, आणि त्या ओळींची पहिली अक्षरं घेतली की उत, रे, मी, फा, सोल, ला. पूर्वी गाणं शिकायला दहा वर्षं घालवूनही कच्चंच राहायचं, आता एका वर्षात, फार तर दोन वर्षांत गायक तयार होतो, असा त्याचा दावा होता. पोप एकोणिसाव्या जॉनने त्याला रोमला बोलावून घेतलं. ग्विदो सांगतो की पोपने पुस्तक उलटसुलट पाहिलं आणि पूर्वी कधीही न ऐकलेली एक ओळ स्वतः म्हणता येईपर्यंत तो जागचा उठला नाही.

इथे उंची सुटली, वेळ सुटला नाही. ग्विदोच्या रेघा कोणता स्वर ते सांगतात, तो किती मात्रा धरायचा ते सांगत नाहीत. संथ स्तोत्राचं त्यावाचून फारसं अडत नाही, कारण शब्दच त्याला ओढत नेतात. नाचाला मात्र मात्राच लागतात. पहिली दोनशे वर्षं तरी या लिपीत नाच लिहिणं शक्यच नव्हतं, आणि ज्यांच्या हातात बोरू होता त्या भिक्षूंना ते करायचं कारणही नव्हतं.

वेळ मोजायची गरज पडली पॅरिसला. नोत्र दाम कॅथेड्रलचं बांधकाम ११६३ मध्ये सुरू झालं आणि त्याच सुमाराला तिथले गायक एका चालीवर दुसरी चाल रचून दोन्ही एकदम गाऊ लागले. लेओनँ आणि पेरोतँ ही नावं आपल्यापर्यंत पोचली ती तिथे शिकून गेलेल्या एका निनावी इंग्रज विद्यार्थ्याच्या टिपणामुळे. पेरोतँने तर ११९८ च्या सुमारास चार-चार आवाज एकावर एक रचले. एकटा गाताना मात्रा मागेपुढे झाली तर चालते, चौघांत एकाची चुकली की सगळंच कोसळतं. म्हणून लांब-आखूड स्वरांचे सहा ठरावीक साचे आले, आणि १२८० च्या आसपास कोलोनच्या फ्रँको याने नियम घालून दिला की खुणेच्या आकारावरूनच तिची लांबी कळली पाहिजे. आज पाश्चात्त्य संगीत लिहिताना जी पोकळ आणि भरीव अंडी काढतात ती याच नियमाच्या वंशातली.

त्या वास्तूचा आवाजही ध्यानात घ्यायला हवा. २०१९ च्या आगीच्या काही वर्षं आधी ध्वनिशास्त्रज्ञ ब्रायन कॅट्झ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नोत्र दाममध्ये मोजमापं घेतली होती. आवाज थांबल्यावर त्याचा निनाद पूर्ण विरायला तिथे सहा सेकंदांच्या आसपास लागत. म्हणजे गायक पुढच्या स्वरावर गेला तरी मागचा स्वर हवेत उभाच. भराभर स्वर घेतले की त्यांचा चिखल होणार. खालचा आवाज एकच स्वर मिनिटभर धरून बसलाय आणि वरचा त्याच्याभोवती हिंडतोय, ही लेओनँच्या काळातली रचना अशा घुमटीत शोभते, उघड्या अंगणात केविलवाणी वाटेल. दगडाने संगीत घडवलं असं छातीठोक म्हणवत नाही, कारण पेरोतँच्या काळात इमारत पुरी झालेली नव्हती. दोघांचं जमलं मात्र छान.

नाचाचं सगळं याच्या उलट. तो मोकळ्यावर, जिथे भिंती नाहीत आणि निनाद नाही. तिथे लागतो तो चटकन उठणारा आणि चटकन संपणारा आवाज: ढोल, टाळ्या, कर्कश पिपाण्या. मध्ययुगीन लोक वाद्यांचे मोठ्या आवाजाची आणि हळू आवाजाची असे दोन वर्ग करत. अंगणातल्या नाचाला पहिला वर्ग, दालनातल्या नाचाला दुसरा. मोठ्या आवाजाच्या वर्गातली कितीतरी वाद्यं अरबांकडून स्पेन, सिसिली आणि धर्मयुद्धं या वाटांनी आली होती. कमरेला बांधायची जोड-नगारी त्यातलीच. आपला नगारा तिचाच भाऊबंद.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो एकट्याने वाजवायचा ताफा. डाव्या हातात बासरी, त्याच हाताला अडकवलेला छोटा ढोल आणि उजव्या हातात टिपरी. चाल आणि ठेका दोन्ही एकाच माणसाकडे, बिदागीही एकालाच. स्पेनमधल्या कास्तीयचा राजा दहावा अल्फोन्सो याने तेराव्या शतकात करवून घेतलेल्या मेरीच्या गीतांच्या सचित्र पोथीत असे वादक दिसतात. आता गंमत अशी की ही बासरी एका हाताने वाजवायची, तिला भोकं फक्त तीन, दोन पुढे आणि एक मागे अंगठ्यासाठी. आपल्या बासरीला सहा लागतात. मग तीन भोकांत पूर्ण सप्तक येतं कुठून?

बासरीच्या नळीत फुंकर वाढवली की स्वर सरकत वर जात नाही, उडी मारतो. सगळ्यात खालच्या स्वराची वारंवारता एक धरली तर पुढच्या उड्या दोन, तीन, चार पटींवर पडतात. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत पूर्ण सप्तकाचं अंतर, आणि ते भरायला मधले सहा स्वर, म्हणून सहा भोकं. पण दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंतचं गुणोत्तर तीनास दोन, म्हणजे सा ते प. मध्ये उरतात रे, ग, म. तीन स्वर, तीन भोकं! पुढे तिसऱ्यापासून चौथ्यापर्यंत प ते वरचा सा, मध्ये ध आणि नी. त्याला तर दोनच पुरतात. म्हणून या बासरीचा कारागीर नळी मुद्दाम लांब आणि अरुंद ठेवतो. अरुंद नळी अलगद फुंकरीनेही वरच्या उडीवर जाते, तळचा स्वर कुणी वापरतच नाही. हे गणित कुणी मांडून वाद्य केलं असेल असं नाही, फुंकून बघता बघता सापडलं असणार. १५४५ मध्ये बुडालेल्या आणि १९८२ मध्ये समुद्रतळातून वर काढलेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रज युद्धनौकेवर अशा तीन बासऱ्या मिळाल्या. खलाश्यांनाही नाचायला लागायचंच. प्रोव्हान्समध्ये आणि बास्क प्रदेशात ही जोडी अजून वाजते.

सूर कुठे लावायचे हाही प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मराठी वाचकाला तंबोऱ्यावर पडताळता येईल. मध्ययुगीन युरोपात शास्त्र मानलं जायचं ते पायथागोरसचं: सगळे स्वर षड्ज-पंचमातून, तीनास दोन या एकाच गुणोत्तरातून काढायचे. सा वरून प, प वरून रे, रे वरून ध, ध वरून ग. चार उड्या मारून दोन सप्तकं खाली उतरलं की ग मिळतो, त्याचं गुणोत्तर ८१ भागिले ६४. उलट सुरेल लावलेल्या तंबोऱ्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो तारेचा पाचवा उपस्वर, म्हणजे मूळ सुराच्या पाचपट वारंवारतेचा. त्याचं गुणोत्तर पाचास चार, म्हणजे ८० भागिले ६४. फरक एवढासा. पण सा २५६ हर्ट्‌झवर धरा. तंबोऱ्याचा ग येईल ३२० वर, पायथागोरसचा ३२४ वर. (पेटीचा ग दोघांच्या मध्ये, साधारण ३२२.५ वर. पेटीवर गवयांचा राग आहे तो उगीच नाही.) आता सा चा पाचवा उपस्वर १२८० वर आणि या चढ्या ग चा चौथा उपस्वर १२९६ वर. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला सोळा विस्पंद पडतात, म्हणजे आवाज तितक्या वेळा वाढतो-ओसरतो, आणि खरखरतो.

त्यामुळे तेराव्या शतकातल्या फ्रेंच संगीतात सा आणि ग ही जोडी वाटेतली समजली जायची, मुक्कामाची नव्हे. शेवट करायचा तो सा-प वर किंवा दोन सांवर. आजच्या कानाला ते शेवट पोकळ वाटतात. इंग्रज गायकांना मात्र ग गोड लागायचा. १३०० च्या सुमारास वॉल्टर ओडिंग्टन या इंग्रज भिक्षूने लिहिलं की हा स्वर पाचास चारच्या इतका जवळ आहे की गळ्याने गाताना तो तसा गोड करून घेता येतो. पुस्तकी गणित एक आणि गळ्याचं वळण दुसरं, ही तक्रार जुनीच म्हणायची.

नाचाच्या वाद्यांना हे पंचमाचं गणित फार मानवलं. त्या काळचं मानाचं तंतुवाद्य म्हणजे गजाने वाजवायची व्हिएल. मोराव्हियाच्या जेरोम या पॅरिसमधल्या डॉमिनिकन भिक्षूने तिच्या पाच तारा लावायच्या तीन रीती दिल्या आहेत. त्यांतल्या पहिल्या रीतीत तारा नुसत्या चौथ्या-पाचव्या स्वरांच्या आणि सप्तकाच्या अंतरावर, आणि एक तार तर पट्टीच्या बाहेरून नेलेली, म्हणजे बोटाखाली न येता एकच सूर देत राहणारी. चाल वरच्या तारांवर, खाली सूर धरलेला. हे आपल्याला समजावून सांगायला नको.

आता प्रत्यक्ष नाचाच्या चाली. १३०० च्या सुमारास पॅरिसमध्ये जोहानेस द ग्रोखेयो नावाचा एक पंडित होता. संगीताची चर्चा ताऱ्यांच्या भ्रमणातून आणि देवदूतांतून खाली ओढून त्याने आपल्या गावात काय गातात, काय वाजवतात यावर आणली, आणि त्यासाठी मी त्याला दहा तत्त्वज्ञांच्या वर बसवीन. नाचाच्या चालींचे तो दोन प्रकार सांगतो. एक हलकी, ठेक्याची, तीन-चार तुकड्यांची. दुसरी अवघड, सहा-सात तुकड्यांची, एस्तांपी. प्रत्येक तुकडा दोनदा वाजवायचा; पहिल्या वेळी शेवट अधांतरी सोडायचा, दुसऱ्या वेळी समेवर आणून मिटवायचा. एकाला ‘उघडा’ शेवट म्हणत, दुसऱ्याला ‘बंद’. तुकडे बदलतात, हे दोन शेवट बहुधा तेच राहतात. वादकाला दर तुकड्याला नवं पाठ करायचं ते अर्धंच, आणि नाचणाऱ्याला पाय कुठे टेकायचा याची सूचना आधीच मिळते. कागदावाचून चालणाऱ्या कलेला हा आराखडा फार सोयीचा. त्यावर ग्रोखेयोचं निदान असं की अवघड चालीत गुंतलेलं मन वाईट विचारांकडे जात नाही, आणि हलकी चाल प्रेमज्वरावर उतारा आहे. पॅरिसच्या पोरापोरींनी नाचात नेमकं काय साधलं ते त्याने बघितलं नसावं.

पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या एका तेराव्या शतकातल्या गीतसंग्रहात मागाहून कुणीतरी मोकळ्या राहिलेल्या जागांत आठेक एस्तांपी लिहून ठेवल्या आहेत. फ्रान्समधला नाच आपल्याला मिळाला तो असा, उरलेल्या चर्मपत्रावर. इटालियन चालींचा पंधराएक तुकड्यांचा जुडगा लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिथेच १३६० च्या आसपासची दोन पानं आहेत, पट्ट्यांच्या वाद्यासाठी लिहिलेलं सगळ्यात जुनं ज्ञात संगीत, आणि त्यातही तीन एस्तांपी! म्हणजे पट्ट्यांच्या वाद्याचा लेखी इतिहासच नाचाच्या चालींपासून सुरू होतो. त्याआधी १३२४-२५ मध्ये आव्हिन्यों इथून पोप बाविसाव्या जॉनने फर्मान काढून बारीक बारीक स्वरांनी चालीचे तुकडे पाडणाऱ्या आणि कानाला झिंग आणणाऱ्या चर्चमधल्या गायकांना खडसावलं होतं. मात्रा लिहिता आल्या की माणसं त्यांच्याशी खेळणारच.

पाय कसे पडायचे हे मात्र कुणीच लिहिलं नाही. युरोपातलं पहिलं उपलब्ध नृत्यशास्त्र इटलीत पियाचेंझाच्या दोमेनिकोच्या नावावर आहे, तेही पंधराव्या शतकाच्या मध्यावर. त्याच्या दोनशे वर्षं आधी देवगिरीला यादव सिंघणाच्या आश्रयाने लिहिलेल्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’त नर्तनावर अख्खा अध्याय आहे. युरोपातल्या अभ्यासकांना असं काही हाती नसल्यामुळे आडवाटेने जावं लागतं, आणि त्यांचे सगळ्यात बोलके साक्षीदार आहेत नाचाचे वैरी. तेराव्या शतकातला जाक द व्हित्री प्रवचनात बजावतो की हा नाच म्हणजे एक वर्तुळ आहे, त्याच्या केंद्रात सैतान उभा आहे आणि सगळे डावीकडे वळतात. डावी बाजू अशुभ, म्हणून त्याने ते ठासून सांगितलं. त्यामुळे आज आपल्याला कळलं की कारोल नावाचा हा हातात हात घालून करायचा गोल नाच कोणत्या अंगाने फिरत होता. एक जण ओळ म्हणायचा, बाकीचे ध्रुवपद. सिएनाच्या नगरसभागृहात अम्ब्रोजो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ मध्ये रंगवलेल्या भिंतीवर नऊ जणांची साखळी दिसते, दोघांनी उंच धरलेल्या हातांखालून वाकून जाणारी, आणि शेजारी खंजिरीसारखं वाद्य वाजवत गाणारी एक व्यक्ती. त्या बाया आहेत की तरणे पुरुष, यावर अजून वाद चालू आहे.

सगळेच धर्माधिकारी जाकसारखे नव्हते. कातालोनियातल्या मोन्सेरातच्या डोंगरावरच्या मठात १३९९ मध्ये लिहायला घेतलेली एक पोथी आहे. तिच्यातली नोंद व्यवहारी आहे: यात्रेकरू रात्री देवळात जागरण करतात तेव्हा आणि दिवसा बाहेरच्या चौकातही त्यांना गावं-नाचावंसं वाटतं, इथे तर सभ्य आणि भक्तीचीच गाणी चालतात, म्हणून ही काही लिहून ठेवली आहेत, आणि प्रार्थनेला बसलेल्यांना त्रास होणार नाही अशा बेताने ती वापरावीत. नाच बंद होणार नाही हे ओळखून त्याला शब्द पुरवले! दहा गाणी शिल्लक आहेत, काहींवर ‘गोल नाचासाठी’ असा स्पष्ट शेरा आहे. १८११ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने मठ जाळला तेव्हा ही पोथी एका सरदाराकडे वाचायला गेलेली होती, म्हणून वाचली.

आज या चालींची शेकडो ध्वनिमुद्रणं मिळतात, आणि ती ऐकताना एक गोष्ट माहीत असावी. एस्तांपीच्या पानावर असते ती बहुधा एकच चाल, एकेरी स्वरांची. ढोल कोणता आणि कसा वाजवायचा, खाली सूर धरायचा का, सुरुवातीला आलाप घ्यायचा का, लय किती ठेवायची, यातलं तिथे काही नसतं. १९६० च्या दशकात म्युनिकमध्ये टॉमस बिंकली आणि त्याच्या मंडळींनी मोरोक्कोकडच्या अंदालुसी परंपरेवरून लांबलचक आलाप, सूर धरणं आणि तालाचे बोल घेतले, आणि पुढे पुष्कळांनी तोच कित्ता गिरवला. मध्ययुगीन म्हणून जो झणझणीत बाज आपण ओळखतो त्यातला बराचसा भाग तिथून आलेला आहे. ऐकायला झकास असतं, पण त्यातलं जुनं किती आणि नवं किती हे वेगळं काढायचं असेल तर पॅरिसच्या संग्रहातली चौथी राजेशाही एस्तांपी लावा आणि ढोलाकडे लक्ष देऊ नका. एक तुकडा येईल, अधांतरी सुटेल. तोच पुन्हा येईल आणि मिटेल. नवा तुकडा सुरू होईल आणि शेवटाला पुन्हा तीच दोन वळणं घेईल. तेवढं चर्मपत्रावर आहे.